बाहेर उघडणारं दार

कुपवाड (सांगली)
१४ जानेवारी १९६८

ती. दादास,
शालूचा सप्रेम जयभीम. वहिनीला नमस्कार, दोघी भाच्यांना गोड पापा.

भूकंपानंतर तुझं एकच कार्ड आलं, तेही तीन ओळींचं. 'सर्व खुशाल. भिंतींना भेगा. काळजी नको.' तार करणारा माणूससुद्धा तुझ्यापेक्षा जास्त बोलतो. इकडे त्या पहाटे फडताळातली भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली, एवढ्यावर निभावलं. पण पाटण-कोयनेकडचं पेपरात वाचलं आणि तुझं कार्ड येईपर्यंत रोज पोस्टमनची वाट बघितली. अजून रस्त्यानं ट्रक गेला तरी मी आधी दाराकडे बघते.

आता माझं काम ऐक आणि हसू नकोस.

मी आप्पासाहेबांच्या ओतकामाच्या कारखान्यात साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करते, हे तुला ठाऊक आहे. आम्ही चौघी बायका, बाकी सगळे पुरुष. चौघींत सातवी पास मी एकटी, म्हणून सगळ्यांच्या वतीनं तोंड माझंच चालतं. तर आमच्या शेडच्या कोपऱ्यात संडास आहे. म्हणजे कागदावर आहे. शेड बांधताना आप्पासाहेबांनी भांडं बसवलं, बाहेर शोषखड्डा काढला, नकाशा पास झाला आणि आडोसा राहिला तो राहिलाच. भांड्यावर फळी आणि फळीवर कोळशाची पोती. आम्ही बायका मागच्या माळावर बाभळीपलीकडे जातो.

गेल्या आठवड्यात कारखाना तपासणारे साहेब आले. बायका ठेवायच्या तर त्यांना बंद संडास पाहिजे, मार्चअखेर परत येतो, असं बजावून गेले. आप्पासाहेब वाईट नाहीत, चालढकल करणारे आहेत. मला म्हणाले, "शालूबाई, इटा हायत, पत्रं हायत, पर गवंडी कुठनं आणू? समदं गवंडी पाटणला घरं उभी करायला गेल्यात. न्हाई जमलं तर मार्चपासनं बायका बंद. माजा बी नाविलाज हाय."

दादा, दोन भिंती शेडच्या आयत्या आहेत. दोन घालायच्या आणि एक दार लावायचं. तू पलटणीत सोळा वर्षं हेच गवंडीकाम केलंस. आमच्या ह्यांना सांगितलं असतं, पण ते मिरजेला रेल्वेच्या गँगवर. रुळाशिवाय त्यांना दुसरं काही ठोकता येत नाही. तू ये. चार दिवसांचं काम आहे.

तुझी,
शालू


सातारा
२२ जानेवारी १९६८

चि. सौ. शालूस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पूर्ण विचार करून कळवतो की विटेची भिंत घालू नये. वीट जड असते. अर्ध्या विटेची भिंत उंच नेली तर तिच्या पायात जोर राहत नाही. धक्के अजून थांबलेले नाहीत. शुक्रवारी एक झाला, काल दुपारी दोन झाले. लोक म्हणतात सवय झाली. मला हे बोलणं मूर्खपणाचं वाटतं.

तू गोणपाटाचा आडोसा कर. चार वासे उभे कर आणि गोणपाट ताणून बांध. आमच्या पलटणीत हजारो जवानांनी गोणपाटामागे वर्षं काढली, कोणाचं काही अडलं नाही. गोणपाट पडलं तर अंगावर गोणपाटच पडतं. दार अजिबात लावू नको. कडी तर नकोच नको. जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवावी.

माझ्या हाताखाली सध्या बरीच कामं आहेत. येणं जमणार नाही. वहिनी आणि मुली ठीक.

तुझा दादा,
आकाराम


कुपवाड
४ फेब्रुवारी १९६८

ती. दादास,
जयभीम.

तुझ्या कार्डावरची अर्धी शाई पसरली होती. दवात बसून लिहितोस की काय? वाचताना डोळे फुटायची वेळ आली.

तुझा हुकूम पाळला. सोमवारी कोळशाची पोती हलवली, भांडं घासून काढलं, वासे रोवले, गोणपाट ताणलं. पहिले दोन दिवस भट्टीच्या भात्याचा वारा आला की गोणपाट फुगायचं आणि साचेवाल्या पुरुषांना हसायला निमित्त व्हायचं. ते सोसलं. पण गुरुवारी ओतायचा दिवस होता. तू ओतकाम पाहिलेलं नाहीस. लोखंडाचा रस साच्यात पडतो तेव्हा ठिणग्या छपरापर्यंत जातात. त्यातल्या दोन गोणपाटावर बसल्या. वाळकं गोणपाट, भडकायला कितीसा वेळ लागतो?

आत बायडाबाई होती. साठीला टेकलेली बाई, आमच्यातली सगळ्यात जुनी. "आग, आग" म्हणून सगळे पुरुष पाण्याच्या बादल्या घेऊन तिथं धावले आणि ती त्यांच्यासमोर लुगडं कसंबसं धरून बाहेर आली. भाजलं नाही, नशीब. पण तिनं त्या दिवसापासून मान वर केलेली नाही. आम्ही परत माळावर जायला लागलो.

तेव्हा गोणपाटाचं नाव काढू नकोस. वीट आणि पत्राच लागेल. मार्चअखेरीला आता दोन महिने राहिले. आणि मला लवकर हवं आहे, दादा. का ते विचारू नकोस, पण लवकर हवं आहे.

शालू


सातारा
९ फेब्रुवारी १९६८

चि. सौ. शालूस,
आशीर्वाद.

बायडाबाईंचं वाचून वाईट वाटलं. चूक माझी, ठिणग्यांचा विचार केला नाही. परंतु उजवा गुडघा धरला आहे. बसता-उठता येत नाही, एस.टी.चा प्रवास झेपणार नाही. दुसरा गवंडी पाहावा. त्याला सांगावं की भिंत फार उंच नेऊ नये.

माझी वाट पाहू नये.

आकाराम


कुपवाड
१८ फेब्रुवारी १९६८

ती. दादास,

दहिवडीचे ज्योतिबामामा परवा इथं येऊन गेले. साताऱ्यात तू दिसलास म्हणाले. खांद्यावर पाण्याची घागर घेऊन नळावरून झपाझप येत होतास. "फौजी चाल अजून तशीच हाय गड्याची," असं कौतुक करत होते. गुडघ्याचं मी काही बोलले नाही. भावाचं खोटं मामाला कशाला सांगू?

मग तू का येत नाहीस? मी दोन दिवस याच विचारात होते आणि मला एकच कारण दिसलं. आपल्या बाबांनी गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं आपल्याला पाणी बंद केलं होतं. मी लहान होते, पण मला आठवतं. दीक्षा घेतल्यावर तू पलटणीतून आला होतास आणि आईला म्हणाला होतास की लाज कामाची नसते, लादलेल्या कामाची असते. मी ते वाक्य शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं. आता हवालदारसाहेबांना संडास बांधायची लाज वाटायला लागली, होय ना? लोक म्हणतील, बघा, पुन्हा आपल्या कामाला लागले. म्हणून गुडघा दुखतो.

सख्खी बहीण मागते आहे. लादत नाही कुणी. पण राहू दे. आप्पासाहेब एक एप्रिलला आम्हा चौघींना घरी पाठवतील आणि तुझी अब्रू शाबूत राहील.

शालू


सातारा
२६ फेबरवारी

शालूवन्सं,
धोंडुबाईचा जयभीम.

ह्ये पत्र मी माज्या हातानं लिवतीया. मोठ्या बायांच्या वर्गात शिकले तवापासनं यवढं लांब कवा लिवलं न्हाई, चुकीभुलीला हसू नगा. तुमच्या दादास्नी सांगितल्यालं न्हाई. तुमी बी सांगू नगा, आन लिवून तर आजाबात कळवू नगा.

तुमचं पत्र मी बी वाचलं. लाजंचं तुमी लिवलंत ते खोटं हाय. ते भ्यालेत, वन्सं. मिल्ट्रीचा मानूस भ्यालाय, आन त्ये सांगायची त्यांस्नी लाज हाय.

ऐका. त्या सोमवारी पहाटं ते नेमाप्रमानं बिगुलाच्या टायमाला उठले आन परसातल्या संडासात गेले. त्यो संडास त्यांनीच बांधल्याला. चांगल्या उच्च भिंती, आत उगडनारं दार, मिल्ट्रीवानी जाड कडी. समद्या गल्लीला दावायचे. तेवढ्यात धरनी हालली. मी दोगी पोरी काखंत मारल्या आन रस्त्यावर पळाले. समदी गल्ली रस्त्यावर. कुनी इचारलं, हवालदार कुठं हायत? मी छाती फुगवून म्हनलं, ते गेलं आसतील लोकास्नी भाईर काढायला, फौजी मानूस हाय त्यो. मी तिथं उबी ऱ्हाऊन त्यांची बढाई मारत हुते, वन्सं, आन ते आत हुते. मागची भित आत पडली हुती. छातीपतोर इटा. इटांचा ढीग दाराला टेकला आन दार तर आत उगडायचं. दोन तास हाका मारल्या म्हनं. रस्त्यावर येवढा कालवा, मला एक बी हाक आली न्हाई. उजाडल्यावर शेजारच्या दादासोनं ऐकलं आन दार फोडून काढलं.

अंगाला खरचाटलं तेवढंच. पर तवापासनं ते छपराखाली येत न्हाईत. लिंबाखाली निजत्यात, तिथंच जेवत्यात, तिथंच तुमास्नी पत्र लिवत्यात. कुनी भित बांदायला बोलीवलं की गुडगा दुखतोय म्हनत्यात. गुडगा चांगला हाय. परवा झोपंत बरळत हुते, "शालूवर पडंल, शालूवर पडंल." आपल्या हातची भित बहिनीवर पडंल ह्येचं भ्या हाय त्यांस्नी.

परसातला ढीग तसाच हाय. हात लावू देत न्हाईत.

मला बी भ्या वाटतंय. मानूस हातचं जातंय का काय आसं वाटतंय.

तुमची,
धोंडुबाई


कुपवाड
३ मार्च १९६८

ती. दादास,
शालूचा जयभीम.

मागच्या पत्रात तोंडाला येईल ते लिहिलं. माफ कर. तुझी काहीतरी अडचण असेल, मी विचारत नाही. यायला जमत नसेल तर येऊ नकोस. हे मी रागानं म्हणत नाही.

पण मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आणि ती मला आता एकटीला पेलवत नाही. ह्यांनाही सांगितलेली नाही. सांगितलं तर ते रूळ ठोकायची पहार घेऊन येतील आणि मग तुरुंगात जातील.

डिसेंबरापासून माळावर बाभळीजवळ एक माणूस उभा राहतो. सायकल असते, डोक्याला पांढरा रुमाल असतो. कुठल्या कारखान्यातला की कुठल्याच नाही, कळत नाही. आधी लांब असायचा. मग रोज चार पावलं पुढं. आम्ही दोघी-दोघी जातो, तेव्हा तो सायकलची साखळी बसवत असल्यासारखं करतो. पण प्रत्येक वेळी सोबत मिळतेच असं नाही. म्हणून मी सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. भट्टीच्या शेजारी बसून. आता लघवीला आग होते, दोनदा ताप येऊन गेला. डॉक्टर म्हणाले भरपूर पाणी प्या. मी हो म्हणाले आणि रस्त्यातच रडले.

गेल्या मंगळवारी माझं टमरेल फुटलं. पोटात कळ आली होती, सोबत कुणी नव्हती. घाईत मी पिण्याच्या पाण्याचा पितळी तांब्याच उचलून नेला. तू लग्नात दिलेला. तांब्या झुडपाशी ठेवून मी आत गेले आणि वळले तर तो तांब्या त्याच्या हातात. "घे की," म्हणाला. मी पळाले. तांब्या तिथंच राहिला.

दादा, तू त्याच्यावर नाव घालून घेतलं होतंस. आपण सगळेच भांड्यांवर नावं घालतो, हरवायला नको म्हणून. 'सौ. शालूस, आकाराम गेनू, दहिवडी यांजकडून.' त्याला वाचता येतं. बुधवारी तो बाभळीआडून म्हणाला, "शालू, तांब्या न्यायचा न्हाई व्हय?" गुरुवारी म्हणाला, "दहिवडीची का तू?" मी आता कारखान्यातून घरी जाताना दहा वेळा मागं बघते. हे गँगवर गेले की दाराला आतून पाटा लावते. करता करता गाभे मोडतात.

माझं सगळं भय त्या मोकळ्या माळाचं आहे. मला चार भिंती पाहिजेत, दादा. कशाही असोत. पडल्या तर पडल्या, मी तिथं त्या माणसाच्या नजरेआड असेन.

तू ये असं म्हणत नाही. फक्त तुला ठाऊक असावं.

शालू


कुपवाड
२४ मार्च १९६८

सौ. वहिनीस,
शालूचा सप्रेम जयभीम.

दादा काल निघाले, हे पत्र पोचेल तोवर ते तुम्हाला अर्धंमुर्धं सांगतीलही. पण ते 'काम पूर्ण' एवढंच सांगायचे, म्हणून मी लिहिते. तुमचा शब्द मी पाळला.

माझं पत्र मंगळवारी मिळालं असेल. गुरुवारी सकाळी आठला दादा कारखान्याच्या फाटकात उभे. हातात थापी, ओळंबा आणि गोणपाटाची पिशवी. मला बघून म्हणाले, "बाभूळ कुठली ती दाव." चहा नाही, पाणी नाही. मी लांबूनच दाखवली. ते जाऊन बाभळीखाली मांडी घालून बसले आणि दिवसभर तिथून हलले नाहीत. मी गाभे करत होते, पण लक्ष सगळं खिडकीत. आता मारामारी होते की काय, दादांचं काही बरंवाईट होतंय की काय, एवढंच डोक्यात.

दुपारी तो सायकलवाला आला. दादा उठले. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पुढचं बायडाबाईनं ऐकलं, ती आडून उभी होती. दादा म्हणाले, "तुमच्याकडं एक तांब्या हाय. त्याच्यावर दोन नावं हायत. दुसरं नाव माजं हाय. आकाराम गेनू म्हंजे मी. पलटणीत हवालदार हुतो. तांब्या न्यायला आलोय." तो काहीबाही पुटपुटला. दादांनी फक्त हात पुढं धरला आणि धरूनच ठेवला. सायकलच्या पिशवीतून तांब्या निघाला, वहिनी! मेला तो रोज बरोबर घेऊन हिंडत होता. त्यानंतर तो माळावर दिसलेला नाही. तरी मी अजून मागं वळून बघते, ते इतक्यात जायचं नाही.

मग काम सुरू झालं. चार दिवसांचं काम दोन आठवडे चाललं. दादांनी भिंती खांद्याएवढ्याच घेतल्या, रुंद पायाच्या, आणि त्यावर लोखंडी पट्ट्यांना पत्रा बोल्टानं कसला. त्यांच्या भिंतींत डोक्याच्या वर एकही वीट नाही. आप्पासाहेब म्हणाले, "हवालदार, किल्ला बांधताय का काय?" दादा म्हणाले, "किल्ला पडतो." रोज संध्याकाळी भिंतीला खांदा लावून ढकलायचे. एके दिवशी एक थर मनासारखा बसला नाही म्हणून सगळी भिंत उतरवली. आप्पासाहेब कपाळाला हात लावून बसले.

आणि ते आत जायचे नाहीत. गिलावा बाहेरून वाकून, हात आत घालून केला. आमच्या घरातही आले नाहीत. अंगणात पथारी, अंगणात जेवण. मी ताट बाहेर नेत होते आणि काही विचारत नव्हते. शेडमध्ये काम करतानासुद्धा दर थोड्या वेळानं बाहेर जाऊन आभाळाखाली उभे राहत. परत येताना कपाळावर घाम असायचा.

दारावरून आमचं भांडण झालं. ते दार बाहेर उघडणारं करायला लागले. बायडाबाई म्हणाली, "आवं, भाईर उगडणारं दार कुनीबी वढील की." बाकीच्याही तिच्या बाजूनं. दादांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता थापी टाकून निघून जातील. म्हणाले, "बाई, दार भाईरच उगडंल. न्हाईतर मी लावणार न्हाई." मी मध्ये पडले. आतून लाकडी अडसर घालू, बाहेरून ओढलं तर निघायचा नाही, आतून एका हातानं उचलला की निघेल. आणि आत कुणी असेल तर दाराबाहेर तांब्या ठेवायचा, तोच पितळी, नावाचा. म्हणजे कुणी दाराला हातच लावणार नाही. सगळ्यांना पटलं.

आता अडसराची खाच आतून मारायची होती, आणि ती दार लावल्याशिवाय जुळत नाही. बुधवारी सकाळी दादा छिन्नी घेऊन दारात उभे राहिले ते उभेच. आत पाऊल पडेना. मी म्हटलं, दादा, मी दाराशी उभी आहे. कुठं जात नाही. ते आत गेले. दार लागलं. लगेच आवाज आला, "शालू, हायस का?" मी म्हटलं, "हाय." छिन्नीचे दोन ठोके. "शालू, हायस का?" "हाय, दादा." असं किती वेळा झालं कोण जाणे. मध्ये एकदा ठोके थांबले आणि नुसता श्वास ऐकू यायला लागला, भात्यासारखा. मला रडू आवरेना, पण आवाजात येऊ दिलं नाही. शेवटी अडसर उचलल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. सदरा पाठीला चिकटला होता. "जमतंय," म्हणाले आणि सरळ माळावर जाऊन बसले.

तपासणीचे साहेब येऊन बघून गेले. आम्हा चौघींची कामं राहिली. मी आता भट्टीशेजारी बसून तांब्याभर पाणी पिते.

तुमची,
शालू


सातारा
२ एप्रिल १९६८

चि. सौ. शालूस,
अनेक आशीर्वाद.

माझा गुडघा दुखत नव्हता. मी खोटं लिहिलं. अकरा डिसेंबरला मी माझ्याच संडासात अडकलो होतो. दार आत उघडणारं केलं होतं, ही माझी चूक. त्या दोन तासांत मला वाटलं की मी संपलो. पुढचं लिहिता येत नाही. तुला कदाचित आधीच माहीत असेल. त्या बुधवारी तू दाराशी ज्या तऱ्हेनं उभी होतीस त्यावरून वाटलं.

आता सूचना. बिजागरीला दर सोमवारी तेल घालावं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दाराची कड रंधून घ्यावी. दारासमोर कोळशाचं पोतं, वाळूची पाटी, काही म्हणजे काही ठेवू देऊ नये. आप्पासाहेबांना बजावून सांगावं. रोज एकदा आतून ढकलून पाहावं.

इथं धक्का बसला की मला पहिली आठवण त्या दाराची येते. भिंतीचं मी सगळं केलं. दाराची खात्री अजून पटत नाही. काही झालं तर कळव. काही झालं नाही तरी कळव.

दादा


कुपवाड
१७ एप्रिल १९६८

ती. दादास,
जयभीम.

काल सकाळी अकराच्या सुमारास इथं धक्का बसला. तुमच्याकडे मोठा असेल, इथं हलकाच होता. मी आत होते.

आधी वरचा पत्रा वाजायला लागला. मला वाटलं कुणीतरी दगड मारतंय, म्हणजे तोच आला. मग पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली आणि कळलं. दादा, मी फार भ्याले. अडसर कुठल्या बाजूनं उचलायचा तेच आठवेना. तू सांगितलेलं सगळं डोक्यातून गेलं. मी नुसता हात वर केला आणि खांदा दिला.

दार उघडलं. पहिल्या धक्क्याला, कड न घासता. तांब्या लांब उडाला. मी एका हातानं लुगडं धरून थेट भट्टीच्या अंगणात. बायडाबाईनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी हसत होतो की रडत होतो, देवाला ठाऊक. पुरुष सगळे आमच्या आधीच बाहेर पळालेले होते, तेव्हा कुणाला हसायला तोंड नव्हतं.

मग मी भिंत तपासली. नखानं चाचपली, वरून खालपर्यंत. केसाएवढीही भेग नाही. शेडच्या जुन्या भिंतीचा गिलावा मात्र पडला आहे.

आणि खरं सांगू? माझं काम अर्धवट राहिलं होतं. तांब्या परत भरला, दाराबाहेर ठेवला आणि पुन्हा आत गेले. बायडाबाई बाहेर उभी राहिली. मी विचारलं, "हाईस का?" ती म्हणाली, "हाय की गं, जातीया कुठं?"

शालू


सातारा
२९ येपरील

शालूवन्सं,
धोंडुबाईचा जयभीम.

तुमचं पत्र आलं. ह्यांनी लिंबाखाली बसून तीनदा वाचलं. मग उठून परसात गेले आन त्या इटांच्या ढिगाला हात घातला. चार म्हैनं झालं, मी त्याच्याकडं नुसती बघत हुते. सांजपतोर एक-एक इट झाडून रचली. मी पानी तेवढं नेऊन दिलं.

आठ दिसात नवा संडास झाला. खांद्यायवढ्या भिती, वर पत्रा, दार भाईर. काल सकाळी तयार झाला तवा मी म्हनलं, पैलं कोन जानार? ह्यांनी तांब्या भरला, दाराशी ठिवला आन आत गेले. दार लागलं. मी भाईर उबी.

"धोंडे, हायस न्हवं?"

"हाय."

थोड्या येळानं परत, "हायस न्हवं?"

"हाय म्हनलं की."

तव्यावर भाकर टाकून आले हुते. करपल्याचा वास यायला लागला. थोरली आतनं वरडली, "आये, भाकर जळाली!" मी हालले न्हाई. त्या दिशी मी भाईर हुते आन मला हाक ऐकू आली न्हवती. आता दर हाकंला ओ देईपतोर मी तिथनं जानार न्हवते. जळंना का भाकर.

ते भाईर आले. हात-पाय धुतले. मी ताट घिऊन लिंबाकडं निगाले, तर ते माज्या मागनं न येता उंबऱ्यात थांबले. वर आढ्याकडं लय येळ बघितलं. मग आत येऊन चुलीपाशी बसले आन म्हनाले, "हितंच वाढ."

करपल्याली भाकर घरात बसून खाल्ली, वन्सं.

तुमची,
धोंडुबाई